टाचेचा मलम

तुरीत निंदण चाललं होतं.
पंचफुला म्हणाली, पाळी गेली, सुटली वो बाई मी.
साऱ्याजणी म्हणाल्या, सुटली, सुटली.
मीबी म्हटलं.
पण काय काय सुटलं
ते धुऱ्यावर बसून कोणी मोजलं नाही.

माह्यं तं असं झालं,
भर थंडीत अंगातून भट्टी पेटे,
पोलक्याच्या गुंड्या काढून मी न्हाणीत बसो,
अन् रातच्याला बुढ्याचा हात आला
का भिंतीकडं वळो.
हात वाईट नव्हता.
पस्तीस वर्षांच्या ओळखीचा,
ढेपेचा वास, अंगठ्यावर विळ्याची खूण.
पण कापूस वेचल्यावर बोंडाचं टरफल राहते ना
कोरडं, टोकदार,
तसं आत टोचे.
मी दात दाबो.
त्याले वाटे, रागावली.

एक दिवस त्यानं बाज उचलून पडवीत नेली.
म्हणे, खोकला हाय, तुही झोप मोडते.
खोकला नव्हता त्याले.
चार दिवाळ्या गेल्या.

उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या घ्याले गेली.
मडावी सिस्टर म्हणे, आणखी काही?
चौपन्न वर्षांच्या तोंडात शब्दच नाही.
त्या जागेच्या शिव्या होत्या, लय,
जलमभर ऐकलेल्या.
नाव एकही नव्हतं.
म्हटलं, सिस्टर, तिथं... कोरडं पडलं.
ती हसली नाही.
उठून दार लोटलं अन् म्हणाली,
मलेबी होते, बाई.
दारव्ह्याच्या डॉक्टरीणबाईले चिठ्ठी दिली.

ट्यूब आणली, मिठाच्या बरणीमागं ठेवली.
आठवड्यातून दोनदा, सांगतली तेवढीच,
नातू झोपल्यावर.
तिसऱ्या खेपेले पाहाले गेली तं ट्यूब चपटी!
पडवीत बुढा टाचेच्या भेगा चोळून राहिला.
म्हणे, लय गुणाचा मलम आणला वो,
टाचा लोणी झाल्या.

मी हसली. अशी हसली
का गोठ्यातल्या गाईनं मान वर केली.
हसता हसताच सांगून टाकलं,
कशाचा मलम, कुठचा मलम.
उकंडराव टाच हातात धरून तसाच बसला.
लय वेळानं म्हणाला,
मले वाटलं, मीच नकोसा झालो.

चार दिवाळ्या हेच खोकत होता तो.

दुसरी ट्यूब आणाले दोघंबी गेलो, एसटीनं.
मेडिकलवाल्याले तो म्हणे, टाचेचाबी द्या एक,
स्वस्तातला.
पोरगा कागदात बांधाले लागला
तं म्हणे, राहू दे, पिशवी हाय.

दर वेळी जमते असं नाही.
कधी नुसती विळ्याची खूण
पाठीवरून फिरत राहते, अन् आम्ही
म्हशीच्या व्याण्याचं बोलतो.
बाज अजून पडवीतच हाय.
पहाटे पाह्यलं तं कधी कधी रिकामी असते,
वर मांजर.

पंचफुलाले सांगाचं राहिलं.
निंदण पुन्हा लागलं का तिच्या तासाले तास धरीन.
सुरुवात कुठून कराची
ते पाहून राहिली.
बहुतेक टाचेपासून.