आधी बॅटरी, मग पाटी

जनरेटर होता तेव्हा
मी त्याला लांब ठेवायचे, सुरूच्या बनापलीकडे,
ओल्या गोणपाटाखाली,
तरी तो ट्रेलरच्या पत्र्यातून आत यायचाच.
कान तपासायची गाडी, आणि राखणीला हा गुरगुरणारा.
लोक बोट वर करायचे
ते माझ्या शिट्टीला
की त्याच्या दम्याला, कळायचं नाही.

म्हणून या पाट्या.
शंभर-शंभर वॅटच्या दोन, घडीच्या,
बॅगेसारख्या मुठीनं उचलायच्या.
आचऱ्याच्या पिरावाडीत, होड्या ओढून ठेवतात तिथे,
माशांच्या रिकाम्या क्रेटला टेकवल्या
दक्षिणेकडे तोंड करून.
लाल कुठली, काळी कुठली
हे पाठ असूनही हात थांबला.

बस्त्याव आला. ट्रॉलरांचे दिवे जोडतो तो,
बोटांना कायम डिझेलचा वास.
"आधी बॅटरी, मगे पाटी," म्हणाला.
"कंट्रोलराक आधी कळाक होया
घर खयचां तां. मगे पावणो येवंदे."

मीटर लावला. एकवीस,
पण आकड्याच्या आधी एक आडवी रेघ,
एवढीशी, सुईनं ओढल्यासारखी.
म्हणजे उलटं धरलंय.
तो हसला नाही.
पोराच्या उलट्या चपला बदलाव्यात
तशी माझ्या हातातली टोकं बदलली.

मग फ्यूज. मग जोडांचा तो खट्ट आवाज.
काचेवर अँपिअर चढले, दोन, पाच, साडेआठ,
आणि एकदम चार.
सुरूची सावली आली होती
एका पाटीच्या कोपऱ्यावर, पंजाएवढी.
तेवढ्यानं अख्खी पाटी रुसते.
क्रेट दोन हात सरकवलं, वाऱ्याला भिऊन
जाळ्याच्या दोरीनं होडीला बांधलं.
गाठ बस्त्यावची. मला अजून सुटत नाही.

दार लावलं.
काहीच ऐकू आलं नाही. सात वर्षांत पहिल्यांदा.
माझं घड्याळ टिकटिकतं
हे मला तेव्हा कळलं.

पहिले सगुण कुबल. वय अडुसष्ट,
त्यातली चाळीस वर्षं दोन सिलिंडरांच्या उशाशी.
बायकोचं बोलणं ओठांवरून वाचतात,
तिनं पदर तोंडाशी नेला
की भांडण तिथेच मिटतं.
हेडफोन चढवला. ऐकलं की बोट वर.

अडीचशेला बोट.
पाचशेला बोट.
हजाराला बराच वेळ काही नाही, मग अर्धं बोट.
चार हजारला मी आवाज चढवत गेले,
चढवत गेले.
ते भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होते.
मी थांबले. पुढची पट्टी लावायला खाली वाकले,
तर बोट वर.
वरच.
मी बटण दाबलंच नव्हतं.

"काय आयकाक येता, काका?" मी खुणेनं.
एक कान मोकळा करून, जरा चिडूनच,
"तां तुझां इंजान आधी बंद कर गो.
तेच्या आवाजान काय कळणा नाय."

त्यांना बाहेर नेलं. बघा, म्हटलं.
त्यांनी ट्रेलरला एक फेरी मारली,
चाकांमागे वाकून पाहिलं,
वायरीवरून बोट फिरवत पाटीपर्यंत गेले,
तिच्यावर तळवा ठेवला, लगेच उचलला. हून.
मग पुळणीवर उभे राहिले
बंद होड्यांकडे एकेक करून बघत.

"मगे ह्यां खयचां?"

बस्त्याव जोडांवर ग्रीस चोपडत होता,
खाऱ्या वाऱ्यासाठी. त्यानं मान वर केली नाही.

मी आत येऊन आलेख भरला.
उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली,
चार हजारपाशी दोन्ही तळाला.
बॅटरी एकोणऐंशी टक्के.
बाकावर अजून तेवीसजण,
बहुतेक इंजिनावरचेच.

"पुढचे," मी म्हटलं.
कोणी हललं नाही.
मग दारात येऊन हात हलवला.