काळी टेप

पहिल्या दिवशी काउंटरवर आकडा असा चढला
की ढाकणे सर म्हणाले, "उद्धव, हे म्यूऑन नव्हेत,
हा अंबाजोगाईचा दुपारी दोनचा उजेड आहे."
कुठंतरी भोक होतं.

भोक शोधणं माझं काम.
सोळा वर्षं मी गफूरभाईंच्या स्टुडिओत
अंधाराची राखण केली.
दाराच्या फटीला गोणपाट, कुलपाच्या छिद्राला मेण,
लाल दिव्याखाली ट्रेमध्ये
पाण्यातून हळूहळू वर येणारे चेहरे.
भूकंपाच्या साली कार्डांसाठी
रात्ररात्र फोटो धुतले.
कुणीच कॅमेऱ्याकडं बघत नव्हतं.
मग मोबाईल आले.
स्टुडिओत आता चपलांचं दुकान आहे
आणि मी कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या लॅबला.

तस्नीम काझी, केजची, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला.
तिनं समजावलं तसं सांगतो:
ढगांच्याही कितीतरी वर
लांबून आलेला एखादा कण हवेवर फुटतो,
त्याच्या चुऱ्यातून म्यूऑन निघतात.
दिसत नाहीत, वाजत नाहीत,
पत्र्यातून, पंख्यातून, माझ्या टकलातून
सरळ खाली.
या प्लास्टिकच्या पाटीतून जाताना मात्र
निळसर असं काहीतरी सांडतात.
काजवा त्यापुढं हॅलोजन.

ते सांडलेलं काचेच्या नळीत शिरतं,
एक इलेक्ट्रॉन उडवतं,
तो चार उडवतो, चार सोळा,
"अफवेसारखं हो मामा," तस्नीम म्हणाली,
"मंडी बाजारात एकानं सांगितलं
की बसस्टँडला जाईस्तोवर दहा लाख."

म्हणून पेटी बंद.
हजार व्होल्ट चालू असताना
दिवसाची एक तिरीप आत आली तरी नळी आंधळी होते.
जी एकेका फोटॉनसाठी जागी बसते
तिला उघडा दिवस सोसत नाही.
मला यात नवीन काही नव्हतं.

रात्री खिडक्यांना चादरी बांधल्या.
मी पेनाएवढी बॅटरी कागदात गुंडाळून
जोडाजोडावरून फिरवली,
ती अंधारात आकडे वाचत गेली:
एकशे दोन. सत्त्याण्णव. नव्वद. एकशे एक.
मामा, थांबा.
चार हजार.

केबल आत जाते तिथं, टेपच्या घडीत,
तिळाहून बारीक.
नवी टेप कापली, अंगठ्यानं दाबली,
गफूरभाई दाबायचे तशी, आधी मधोमध, मग कडांना.
आकडा खाली आला आणि तिथंच राहिला.
तस्नीमनं टाळी वाजवली, एकच, स्वतःपुरती.

शनिवारी खात्याची चिठ्ठी घेऊन
पेटी, बॅटरी, वही, सगळं हत्तीखान्यात नेलं.
पाट्या दोन, एकीवर एक.
दोघी एकदम बोलल्या तरच धरायचं,
एकटीची साक्ष चालत नाही.
बाहेर अंगणात, दगडी हत्तीजवळ,
मिनिटाला चौऱ्याण्णव.
मग आत, खांबांच्या मागं,
जिथं वटवाघळांचा वास सुरू होतो
आणि माथ्यावर दोन पुरुष उंचीचा काळा दगड आहे.
आम्ही तिघं गप्प.
दहा मिनिटं मोजून सरासरी काढली: चोपन्न.
सर म्हणाले, दगडानं खाल्ले.
मी म्हणालो, चोपन्नांना नाही खाल्लं.
सरांनी चष्मा पुसला.

शेळ्या घेऊन आलेलं एक पोरगं
मघापासून खांबाला टेकून बघत होतं.
"यात काय हाय?"
"उजेड बघायची पेटी."
"मंग अशी बांधून का टाकली?"

तस्नीम वहीतनं मान वर न काढता हसली.
मला सांगता आलं असतं,
गोणपाट, मेण, लाल दिवा, ते सगळं.
पण शेळ्या पांगत होत्या आणि पोरगं निघालंच होतं.
मी केबलपाशी टेपची कड पुन्हा एकदा चापली.

पुढच्या मिनिटाला एकावन्न.