फिट

बाबा फिटर. सरकारी नाहीत, आपले आपणच.
गिरडच्या रस्त्यावरच्या सात गावांचे हातपंप
त्यांच्या सायकलला आवाजावरून ओळखत.
चेन बसवली, वायसर घातलं,
दांडा चार वेळा कोरडा खोकला,
पाचव्यांदा पाणी आलं
की पाना खांद्यावर टाकून म्हणत,
"फिट."
कधीकधी मजुरी म्हणून तेवढंच घेऊन येत.

गावात तो शब्द सगळ्यांच्या कामाचा.
टेलरकडं ब्लाउज फिट पाहिजे आणि फिट नको,
एकाच बाईला, एकाच ब्लाउजात.
येसनाबुढी नव्वदीची, दात एक नाही, पण फिट.
बंडीच्या चाकात आरा फिट.
दोन्हीकडचे मामा चहा प्याले, सोयरीक फिट.
आणि पोळ्याच्या रात्री नालीत पडलेला शालिक
वर हात करून सांगायचा,
"मी फिट हाय बे, नालीच वाकडी हाय."

मग एका उन्हाळ्यात आंगणात हेमराज पडला.
माझा भाऊ, नऊ वर्षांचा, हातात अर्धी बिबी.
अंग ताठ, तोंडाला फेस,
कोणी कांदा हुंगवला, कोणी जोडा,
आणि कुसुमकाकू कुंपणावरून ओरडली,
"फिट आली वो! पोट्ट्याले फिट आली!"

त्या दिवसापासून आमच्या घरी तो शब्द
उंबऱ्याबाहेर, चपलांपाशी राहिला.
बाबा म्हणू लागले, "बसलं."
कधी "जमलं." कधी नुसतंच "हं."
आईचा ब्लाउज "बेताचा" झाला.
मी इंग्रजीच्या वहीत एफ, आय, टी लिहिलं
आणि अर्थाची जागा कोरी सोडली.
लोक मात्र हाक मारत राहिले, "ओ फिटर!"
तेव्हा आई चुलीत उगाच
एक लाकूड पुढं सारायची.

गोळ्या. सेवाग्रामच्या खेपा.
आणि आईचा मरीमायला नवस,
दोन वर्षं कोरी जाऊ दे.
गेली. कॅलेंडरवर हळदीचे ठिपके
तिनं दोनदा मोजले, मग नारळ घेऊन निघाली.
परत आली ती म्हणतच, "फिटला, माय,
फिटला एकदाचा नवस,"
आणि जीभ चावली.
हा तर आपल्यातला फिटणं, तिच्या आजीचा,
त्याचा काय गुन्हा?
पण दारात दोघं सारखेच दिसायचे.

वनरक्षकाच्या भरतीत हेमराज
पाच किलोमीटर धावला, पहिल्या दहात आला.
टेबलामागचा डॉक्टर वर न बघता म्हणाला,
"फिट आहेस ना?"
माझ्या भावाला त्या शब्दाचा
घरून एकच अर्थ मिळाला होता.
"नाही साहेब," तो खुशीनं म्हणाला,
"दोन वर्षं झाली. एकदाही नाही."

पेन थांबलं.
"काय एकदाही नाही?"

रात्रीच्या एसटीनं आला. सगळं सांगितलं,
शेवटी स्वतःच हसला.
आई हसली नाही.
बाबा फडक्यानं हाताचं ग्रीस पुसत होते,
हाताला ग्रीस नव्हतं.
"चूक माही हाय," ते म्हणाले.
"तुले दुसरा अर्थ देल्लाच नाई मी."

सकाळी त्याला सायकलवर मागं बसवून नेलं.
दुपारी मी डबा घेऊन गेले
तेव्हा पाइप वर आलेले, ओळीनं गवतावर,
आणि हेमराज कोपरापर्यंत काळा.
दांडा चार वेळा खोकला. पाचव्यांदाही.
सातव्यांदा पाणी आलं, विटकरी.
बाबा लिंबाखाली बसून राहिले,
पाना हेमराजच्याच खांद्यावर होता.
एका बाईनं कळशी पुढं केली.
"झालं का बापू? फिट?"

तो दांडा मारत राहिला.
"थांबा, काकू," म्हणाला,
"अजून गढूळ हाय.
गढूळ जाऊ द्या."