टचअप

सदरच्या गल्लीत, गजभियेदादांच्या स्टुडिओत
मी लोकांचे डाग काढते.
सत्तर रुपये फोटो. लग्नासाठीचा असेल तर दीडशे.
मे महिन्यात कूलरचं वाळ्याच्या वासाचं पाणी
कीबोर्डवर उडतं, म्हणून वर टॉवेल.
देवीचे वण, चष्म्याच्या खाचा,
कामठीच्या एका मुलीच्या कपाळावरची
पडल्याची जुनी खूण.
माउसची दोन वर्तुळं,
की ती कधी पडलीच नव्हती.

माझे असे जात नाहीत.
नवव्या वर्षी ओठाच्या कोपऱ्यात
तांदळाएवढा पांढरा ठिपका आला.
आता हनुवटी, गळा, दोन्ही मनगटं.
जणू कुणी माझ्यावर एक देश काढायला घेतला
आणि सीमा ठरवायला विसरला.

काल भर दुपारी आई आली,
तोंडाला दुपट्टा, पर्समध्ये उन्हाचा कांदा.
चंद्रपूरचं स्थळ आहे म्हणाली, मिशनमधलंच, मुलगा शिक्षक.
"जरासा हात फिरव न व स्वतःवरही.
साऱ्यायचं तं करून राहिली तू."

मी माझा फोटो उघडला.
ओठ झाला. हनुवटी झाली.
गळ्यापाशी आले तेव्हा
पडद्यावरची बाई छान दिसू लागली होती
आणि मला तिचं नाव आठवेना.

आमच्याकडे लगेच सांगतात,
रूपाचं काय, मन सुंदर हवं.
पाळकबाई सांगतात, काकू सांगते.
डागी संत्रं जास्त गोड असतं म्हणे.
कळमन्याला जाऊन बघा एकदा,
डागी संत्रं आंबटही निघतं.
आणि मन? माझं मी जवळून पाहिलंय.
मामेबहिणीच्या हळदीत, तिच्या गालाकडे बघताना
जे माझ्या आत उगवलं
त्याच्यावर कुठलाच ब्रश चालत नाही.
मन सुंदर असण्यावर किंमत ठरणार असेल
तर मी दोन्हीकडून बुडाले.

मग प्याला आठवला.

प्रभुभोजनाला आम्ही कठड्याशी गुडघे टेकतो.
एकच प्याला, या ओठांवरून त्या ओठांवर.
मी आले की रांग हलकेच सरकते.
कुणी वाईट नाही त्यात.
कुणाचा पदर अडकतो,
कुणाला पलीकडचं कुणी अचानक दिसतं.
सगळ्यांना माझ्या आधी प्यायचं असतं.
आणि दर वेळी डाव्या बाजूनं
मिशन हॉस्पिटलच्या रिटायर सिस्टर, सगुणाबाई रणभिसे,
सांधे करकरवत येऊन माझ्यानंतर टेकतात.
अकरा वर्षं झाली, त्यावर एक शब्द नाही.
बोलतात ते एवढंच, गुडघे गेले बाई माझे.
पाळक फडक्यानं कड पुसायला जातात
तोवर त्यांचा हात प्याल्याला लागलेला असतो.
जिथे माझे ओठ, तिथेच त्यांचे.

त्यालाही पुसता आल्या असत्या खुणा.
थडग्यातून नवा देह घेऊन आला,
बंद दारातून आत येता येत होतं,
मग तळहाताची भोकं बुजवणं काय जड होतं?
पण मित्रांना दाखवले ते तेच हात.
टचअप केलेला प्रभू
कुणाला आपला वाटला असता?

देवळाच्या रजिस्टरात शाईनं लिहिलंय,
प्रिस्किल्ला शांतवन तिवडे, वय तीन महिने.
तेव्हा डाग नव्हते. गुणही नव्हते.
मी नुसती रडत होते, आई सांगते, पूर्ण वेळ.
तेवढ्यावर त्यानं मला आपली म्हटलं.
किंमत आधीच ठरली, चुकतीही झाली.
आता कुणी तराजू घेऊन बसलं तर बसो.

मी कंट्रोल आणि झेड दाबत राहिले.
गळा आला. हनुवटी आली.
ओठाच्या कोपऱ्यात तांदूळ परत आला.
शूर वगैरे काही वाटलं नाही,
पोटात गोळाच होता.
फोटो चंद्रपूरला गेला. दोन निळ्या खुणा उमटल्या.
अजून उत्तर नाही.

रविवारी प्रभुभोजन आहे.
घरातली जुनी उशी मी धुऊन वाळत घातलीय,
कठड्याशी, माझ्या डाव्या बाजूला ठेवायला.