चौथ्या फेरीला

पहाटे साडेपाचला भुईकोटाच्या कडेनं
मी सहा फेऱ्या मारतो.
डॉक्टर चार म्हणाले होते.
वरच्या दोन माझ्या हट्टाच्या,
गुडघ्याला कळू दे मालक कोण ते.

चौथ्या फेरीला अंबय्या चिप्पा भेटतो,
रात्रपाळी सुटलेला, भुवयांवर कापसाची कूस.
बाकाला धरून पाच-सात बैठका काढतो, खोकतो,
विचारतो, "काय म्हणतंय जग, काका?"
जसं जग साखर पेठेत माझ्या शेजारी राहतं
आणि त्याचं भाडं थकलंय.

मी सांगतो : तांबड्या समुद्रात गोळे पडताहेत,
जहाजं आफ्रिकेला वळसा घालून चाललीत.
त्याला आफ्रिका नको असते.
"दिवस किती जास्त लागतात?"
"बारा. पंधरासुद्धा."
तो बोटांच्या पेरांवर पाळ्या मोजतो.

बत्तीस वर्षं मी टॉवेलच्या निर्यातीची बिलं केली.
गठ्ठे हजारांनी गेले, मी एकदाच :
रॉटरडॅम, मार्च महिना,
रंग सुटल्याच्या तक्रारीपायी.
हॉटेलात तोंड पुसलं, सवयीनं टॉवेलची कड उलटली.
आपल्या गावची नव्हती. आपल्याहून बरी विणलेली होती.
हे साहेबांना मी कधी सांगितलं नाही.

धक्क्यावर मात्र, फरशीच्या फटीत,
इसबगोलाच्या गणगोतातलं एक पान.
उकिडवा बसून बघत राहिलो.
पोलीस आला, काही बोलला.
मला त्याचं डच कळेना, त्याला माझं पान.

पाचव्या फेरीला लिंबावरची गुळवेल.
बोटभर कांडी तोडून अंबय्याला देतो,
खिशातून परसातला अडुळसा.
"उकळून पी. अन् मागावर तोंडाला रुमाल बांध की."
"रुमालानं गुदमरतंय, काका."
या वेलीचं खोड कुणीतरी खाली कापलेलं,
तरी ती वरून एक बारीक मूळ सोडत आलीय
मातीकडं, हवेतून, सरळ.
अंबय्या डोळा बारीक करून बघतो :
"ताणा बरोबर हाय."

या आठवड्यात तो पहिल्या फेरीपासूनच सोबत आहे.
भुवया स्वच्छ. खोकला जवळजवळ नाहीच.
"तुमच्या गुळवेलीनं गुण दिला बघा," म्हणतो,
आणि माझ्यापुढं चालू लागतो, झपाझपा,
जगाचं काही न विचारता.