अकरावा स्क्रू

मी कूलरवाला. गड्डीगोदामला दुकान.
तीस उन्हाळे पत्रा वाकवला, वाळ्याच्या ताट्या बसवल्या,
लोकांच्या खिडक्यांत ओला वारा भरला.
थंडी आत कशी आणायची ते मला विचारा.
बाहेर कशी ठेवायची, हे कोणी विचारलंच नव्हतं

गोंडाणे बाई येईपर्यंत.

मे महिना. सेहेचाळीस डिग्री. डांबर चपलेला चिकटत होतं.
बाईंनी व्हॅन दारात लावली, पांढरी, तेरा सीटची,
चारही चाकं ओढणारी.
म्हणाल्या, "पराते, जानेवारीत स्पितीला जायचं आहे.
रात्री उणे अठरा असते. गाडीतच झोपायचं आहे."
मी म्हटलं, "बाई, आधी पाणी प्या."

प्याल्या. शब्द मात्र फिरवला नाही.
पोस्टातून रिटायर झालेली बाई,
छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्त्यांवर शिक्के मारलेली.

सीटा काढल्या. खाली निघाल्या
कुणाच्या तरी लग्नाच्या अक्षता आणि एक झुमका.
झुमका अजून गल्ल्यात आहे.

मग पत्र्याला रबराची शीट. तिच्यावर लोकर,
काटोलकडच्या धनगरांची, न धुतलेली.
चेतू नाक दाबून म्हणे, "मामा, गाडी आहे का मेंढी?"
इंजिनात पातळ तेल, रेडिएटरात न गोठणारं हिरवं पाणी.
मागच्या बाकाखाली डिझेलचा हीटर; त्याची धुराची नळी
मी तीनदा तपासली, चौथ्यांदा बाईंनी.
छताला एक भोक ठेवलं.
"एवढं बुजवलं, अन् आता भोक काहून?"
झोपलेला माणूसही पाणी सोडतो रे, श्वासातून.
त्याला वाट नको?
खिडकी लावून कूलर चालवून पाहा,
थंडावा नाही, नुसती चिकचिक.

कन्हानच्या रेतीत गाडी मुद्दाम फसवली.
मागची चाकं रेती उडवत जागीच फिरली.
बाईंनी खटका ओढला. पुढच्या चाकांनी हात दिला,
गाडी म्हशीसारखी सावकाश उठून बाहेर आली.
डांगराच्या वाडीतला म्हातारा
विडी विझवून पाहत राहिला.

पण नागपुरात मे महिन्यात थंडी कुठून आणता?

बुटीबोरीला मटाराचं कोल्ड स्टोरेज,
मॅनेजर बाईंचा भाचजावई. एक रात्र मिळाली.
गाडी आत. हीटर बंद, कोंडलेल्या जागेत धूर नको.
गाडीत मी.
लोकर भरली मी, तर निजणारही मीच.

दार लागलं. पलीकडे चेतू, हातात घंटेची दोरी.
दोन गोधड्या, कानटोपी, चहूकडे मटाराची पोती.
दोन वाजेपर्यंत ऊब टिकली, माझ्याच अंगाची.
मग कानाची पाळी दुखायला लागली.
टॉर्च लावला. छतावर पांढरे ठिपके.
क्षणभर वाटलं, चांदण्या.

स्क्रू होते. माझेच. लोकर भेदून पत्र्यात गेलेले.
त्यांच्यावरून थंडी आत येत होती,
दोरीवरून मुंगी येते तशी.
माझाच श्वास त्यांच्यावर बसून पांढरा झाला होता.
बोटानं खरवडला, जिभेला लावला.
गोळ्याच्या गाडीवरचा सोडला तर
आयुष्यातला पहिला बर्फ. चव काहीच नाही.

मोजले. अकरा.

दुसऱ्या दिवशी बुचाचे तुकडे कापून एकेक झाकला.
दहा झाले. अकरावा बाईंच्या उशीच्या वर होता.
"तो राहू द्या," त्या म्हणाल्या,
"डोळे उघडले की कळायला हवं, बाहेर किती आहे."

डिसेंबर संपता संपता गाडी कामठी रोडला लागली.

आता मार्च. बाईंचं कार्ड आलेलं नाही.
पोस्टाला वेळ लागतो, त्याच म्हणायच्या.
आज पहिली ताटी भिजवली, वाळ्याचा वास सुटला.
चेतू पंप लावतो आहे. मी पत्र्यात स्क्रू पिळतो,
आणि प्रत्येकाच्या डोक्यावर
उगीच बोट टेकवून पाहतो.