डेंगळा

उजव्या हाताची नखं फार वाढतात आईची.
डाव्याची आपोआप झिजतात.
वाटी धरणं, पदर सावरणं, पलंगाची कड धरून उठणं,
सगळं आता त्यानंच करायचं.
उजवा मांडीवर असतो,
पाहुण्यासारखा. ठेवला तसा.

एकदा नेलकटरनं मांस कापलं गेलं,
तर तिला कळलंच नाही.
रक्त दिसलं तेव्हा मला कळलं.
तेव्हापासून कापत नाही, कानशीनं घासते,
आणि एवढं गुळगुळीत केलेलं नख
नुसतं कसं सोडायचं,
म्हणून पहिल्यांदा रंग लावला.

सामान फार नाही.
तीस रुपयांची पांढरी बाटली,
शेजारच्या समिधाची तळाला गेलेली गुलाबी,
दात कोरायची काडी, डोक्याची टाचणी,
रंग कालवायला दुधाच्या पिशवीचा तुकडा.
टाचणीचं डोकं बुडवून पाच ठिपके गोल,
मधे पिवळा. झालं फूल.

‘कसलं?’ आई विचारते.
जीभ अजून जड आहे, शेवटचं अक्षर गालातच राहतं.
‘असंच. फूल.’
‘असंच काय नसतं. नाव नसलं की तण.’

मग तेरडा काढला,
तर म्हणाली, मागची शेपटी कुठाय.
सोनकी काढली, तर म्हणाली, हिला अळी लागलीय.

पाटणच्या वरच्या अंगानं सतराव्या वर्षी उतरलेली बाई,
कोपरखैरण्याच्या या दोन खोल्यांत आली,
आणि तेवीस वर्षं तुर्भ्याच्या बाजारात
कांदे निवडत बसली.
गोणी ओतली की हात सुटायचा:
गोल्टी इकडे, चिंगळी तिकडे, जोड बाजूला,
डेंगळा पार कडेला.
लग्नाकार्याला निघताना नखांवर लिंबू चोळायची,
तरी मांडवात वास यायचाच.
रंग कधी लावला नाही.
लावला असता तर दुपारच्या डब्यापर्यंत टिकला नसता.

आता टिकतो. महिना महिना टिकतो.
माझ्या नखांचे टवके तिसऱ्या दिवशी भांड्यांत जातात.
तिच्या उजव्या हातावर
नख वाढेल तसं फूलच पुढं सरकतं,
मुळाशी कोरी चंद्रकोर सोडत.
मला ते बघवत नाही,
आणि रोज सकाळी मी तेच बघते, किती सरकलं.

व्यायाम घ्यायला दिव्येश येतो मंगळवारी.
‘काकू, त्या हाताकडे बघत जा,’ पहिल्या दिवसापासून सांगतोय.
ती भिंतीकडे बघायची. कुकरकडे बघायची.
परवा त्यानं हात उचलला, तेव्हा म्हणाली,
‘हळू, तेरडा हाय त्यावर.’

काल म्हणाली, ‘डेंगळा काढ.’
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.
फुलावर गेलेला कांदा. पोटात दांडा धरलेला.
साठवणीला नालायक, भाव पाडणारा.

‘कांद्याचं फूल मी बघितलं नाही गं.’
‘बाजारात कुठनं दिसणार? तिथं नुसता दांडा येतो, मोडलेला.
रानात बघायचं. बियाला राखलेलं.
गोल असतं. पांढरं. चांदण्याच चांदण्या.
आन् मधमाशा नुसत्या…’
पुढचा शब्द आला नाही.
डाव्या हातानं तिनं हवेत एक गोल केला, मोठा.

अंगठ्याचं नख सगळ्यात रुंद.
हिरवा नव्हता, निळ्यात पिवळा कालवला.
काडीनं दांडा ओढला,
मग टाचणीच्या टोकानं पांढरे ठिपके,
एकाला एक खेटून. मोजले नाहीत.
समिधा डोकावली, ‘ही म्हातारी ना, उडणारी?’
आई हसली. तोंडाची एकच बाजू हसते हल्ली.

पंखा बंद केला.
‘वाळेपर्यंत हलवायचा नाही हां,’
मी सवयीनं बोलून गेले.

खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.
सुरू होत नव्हती.

‘नाही हलवत,’ आई म्हणाली.
आणि बऱ्याच वेळानं, अंगठ्याकडे बघत,
‘दांडा जरा जाड पायजे होता.’